दिवसाचा फोन

बटण मी दाबलं होतं. तीन आठवडे झाले, घरी येणाऱ्या कोणीही हे माझ्यासमोर बोललेलं नाही, आणि प्रत्येकाला ते माहीत आहे. लोक कॅसरोलचं भांडं टेबलावर ठेवतात, माझा हात हातात घेतात, 'ही वॉज अ गुड मॅन' म्हणतात, आणि निघताना त्यांची नजर एकदा स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे जाऊन येते. आधी तिथे लाल फोन होता. आता त्याच्या चार स्क्रूंची भोकं आहेत.

शिकागोजवळच्या शॉमबर्गहून शोभावहिनी आल्या होत्या, चार दिवस राहिल्या. जाताना म्हणाल्या, "मंडळाच्या अंकासाठी मधुकररावांवर दोन-चार पानं लिहून दे. तुलाही बरं वाटेल." मी लिहायला बसले. जन्म, शिक्षण, नोकरी. पाच ओळींत संपलं. त्या पाच ओळींत तुम्ही कुठेच नव्हतात. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हे तुम्हालाच लिहितेय. छापायचं की नाही ते नंतर बघू.

आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. ते त्या सकाळी अर्धंच राहिलं.

खरं तर ते भांडण पाच वर्षं जुनं होतं. ऐंशी साली आपण या गावात आलो, कारण कारखान्याला इंजिनिअर हवा होता आणि तुम्हाला शिकागोची गर्दी नको होती. मृणाल वर्षाची होती. गावात बस नाही, दोन रस्ते सोडले तर फुटपाथ नाही, चहूकडे मका, आणि मला गाडी येत नव्हती. सांगलीत सातवी-आठवीच्या मुलींना भूगोल शिकवताना मी हातात काठी घेऊन अख्खी अमेरिका दाखवत असे. इथे आल्यावर किराणा दुकानापर्यंत जायलाही मला शनिवारची आणि तुमची वाट बघावी लागायची.

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "आपल्याकडे फायर फोन बसवणार आहेत."

इथे पगारी फायरमन नाहीत. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक वॉल्ट हा चीफ, बाकी सगळे शेतकरी, कारखान्यातले लोक, एक न्हावी. आग लागली की लोक एक ठरलेला नंबर फिरवत, आणि गावातल्या सहा घरांतले लाल फोन एकदम वाजायला लागत, कोणी उचलेपर्यंत न थांबता. जी उचलेल तिने काय झालंय आणि कुठे, ते विचारायचं, शेजारचं बटण दाबायचं. पाण्याच्या टाकीवरचा सायरन वाजायचा. माणसं हातातलं काम टाकून स्टेशनकडे धावायची. पहिला पोचणारा तिथला फोन उचलायचा, आणि तोवर लाइन धरून बसलेल्या बाईने त्याला पत्ता सांगायचा. रात्री अडचण नव्हती, पुरुष घरीच असत. अडचण दिवसाची होती. सहा घरांतल्या बायका एकेक करून नोकरीला लागल्या होत्या. म्हणून वॉल्टने कारखान्यात येऊन विचारलं, दिवसभर घरी कोणाची बायको असते?

"मी तुझं नाव दिलं," तुम्ही म्हणालात.

"मला न विचारता?"

"अगं, तू घरीच असतेस ना."

तुम्ही ते वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापर्यंत मी घरी होते ती गाडी येत नाही म्हणून, मूल लहान म्हणून, बर्फ पडलंय म्हणून. उद्या सुटेन असं वाटायला जागा होती. त्या दिवसानंतर घरी असणं हेच माझं काम झालं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच फोनच्या आवाजाबाहेर जायचं नाही. अंघोळ करताना दार उघडं. व्हॅक्यूम दोन मिनिटं चालवायचा, बंद करायचा, कानोसा घ्यायचा, परत चालवायचा. मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही मागच्या भिंतीवर एक घंटा बसवून दिलीत आणि अंगणात उभं राहून वाजवून दाखवलीत. माझी हद्द मेपलच्या झाडापर्यंत वाढली. तुम्हाला किती आनंद झाला होता त्या घंटेचा. मला हसावं की रडावं कळेना.

मृणाल किंडरगार्टनच्या नाटकात भोपळा झाली होती, सकाळी दहा वाजता. तुम्ही कारखान्यातून अर्धा तास काढून गेलात आणि फोटो आणलेत. फोटोत ती प्रेक्षकांत कोणाला तरी शोधतेय.

आणि माझं इंग्रजी. शाळेतलं, पुस्तकी. पहिल्याच महिन्यात एका बाईचा फोन आला, शेड पेटलीय. ती ओरडत होती. मी आडनाव ऐकलं मिलर. ती म्हणाली होती म्युलर. मिलर गावाच्या पूर्वेला, म्युलर पश्चिमेला. बंबाची गाडी उलट्या दिशेला गेली. माणसाला इजा झाली नाही, पण शेड, ट्रॅक्टर, वर्षाचा चारा, सगळं गेलं. वॉल्ट दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मिसेस मॅक, या दोन घरांत आमच्या पोस्टमननेही वीस वर्षं घोळ घातलाय." तुम्हाला इथे सगळे मॅक म्हणायचे, म्हणून मी मिसेस मॅक. मी दोन दिवस जेवले नाही. मला वाटलं, आता तरी हा फोन जाईल.

तुम्ही फोन काढायचं नाव काढलं नाहीत. कारखान्यातून ड्रॉइंगचा मोठा कागद आणलात, जमिनीवर पसरलात आणि म्हणालात, "बाई, नकाशा काढा." तुम्ही एरवी मला कधी बाई म्हटलं नव्हतं, शाळेतल्या मुली म्हणायच्या. तीन रविवार आपण गाडीतून एकेक रस्ता फिरलो. तुम्ही चालवत होतात, मी घरांसमोरच्या पत्र्याच्या टपालपेट्यांवरची नावं वाचून देवनागरीत टिपून घेत होते. मिलरला काळी शाई, म्युलरला लाल. तो नकाशा फोनशेजारी चिकटवला. त्यानंतर माझी एकही चूक झाली नाही. त्या तीन रविवारांसाठी मी तुमची ऋणी आहे, हे मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर फोनला हो म्हटल्यासारखं झालं असतं.

गावातल्या प्रत्येक घराचा रस्ता मला पाठ होता. त्यातल्या एकाही घरात मी गेले नव्हते.

त्याच महिन्यात तुम्ही स्वतः फायर डिपार्टमेंटमध्ये नाव घातलंत. माझी चूक तुम्ही मनाला लावून घेतलीत, असं मला वाटतं. तुम्ही कारण सांगितलं नाहीत. त्यांच्याकडे तुमच्या मापाचा कोट नव्हता. बाह्या दुमडून तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तेव्हा मृणाल पोट धरून हसली. आणि मग फोनवर अधूनमधून तुमचा आवाज यायला लागला, कारण कारखान्यातून स्टेशन दोन मिनिटांवर होतं आणि पहिले तुम्हीच पोचायचात. "फोनवर इंग्रजीच," असं तुम्ही मला बजावलं होतं, "दुसऱ्या घरात कोणी उचलला असेल तर त्यालाही कळलं पाहिजे." सांगलीत सासूबाईंसमोर मी तुमचं नाव घेत नसे. या फोनवर घ्यावं लागलं. "मॅक?" मी विचारायची. "गो अहेड," तुम्ही म्हणायचात.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत लोइसचा फोन आला. ती शांत होती. म्हणाली, "माझा नवरा मक्यात आहे."

भर बर्फात मक्याचं शेत कुठलं, मला कळेना. मी विचारलं, "शेतात?"

"नाही. बिनमध्ये. छातीपर्यंत."

बिन म्हणजे मका साठवायची पत्र्याची गोल कोठी, दुमजली घराएवढी उंच. वरचा मका गोठून कडक झाला होता. लोइसचा नवरा अर्ल तो फोडायला आत उतरला, आणि तळातून मका बाहेर ओढणारं यंत्र चालूच होतं. वरचा थर फुटला आणि त्याच्यासकट खाली गेला. लोइसने यंत्र बंद केलं, पण तोवर मका त्याच्या काखेपर्यंत आला होता. मला नंतर कळलं की अशा वेळी दोर लावून माणूस ओढता येत नाही. मका इतका आवळून धरतो की माणूस तुटेल पण निघणार नाही.

मी बटण दाबलं. तुम्ही उचललात. मी पत्ता दिला. मग स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ लावला, त्यावर गाडीतल्या लोकांचं बोलणं ऐकू येई. वॉल्टचा आवाज आला, "वरचं तोंड अरुंद आहे. कोण मावेल?" कोणीतरी म्हणालं, "मॅक." थोड्या वेळाने, "मॅक इज इन."

चार तास. बाहेरून लोक पत्रा कापत होते, दोन्ही बाजूंनी सारखा, नाहीतर कोठीच वाकली असती. आत तुम्ही अर्लच्या भोवती प्लायवुडच्या फळ्या रोवत होतात आणि कॉफीच्या डब्याने मका उपसत होतात, आणि एक फळी त्याच्या तोंडासमोर हाताने धरून होतात, वरून घसरलं तर नाका-तोंडात जाऊ नये म्हणून. वरून घसरलं असतं तर तुम्हीही गेला असतात. मी फोनपाशी उभी होते. चार तासांत फोन परत वाजला नाही. मी हललेही नाही.

अर्ल निघाला, दोन बरगड्यांवर निभावलं. तुम्ही घरी आलात तेव्हा भुवया, कान, नाकपुड्या सगळं पिवळं होतं. पिठलं-भात मागितलात. मी वाढता वाढता विचारलं, "चार तास काय बोलत होतात त्याच्याशी?"

"काही नाही गं. पाऊसपाणी, पिकं."

पुढच्या रविवारी तुम्ही मला चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलंत, गाडी थांबवलीत, उतरलात, वळसा घालून माझ्या बाजूला आलात आणि दार उघडून म्हणालात, "सरक तिकडे. चालव." तीन वर्षं मी म्हणत होते आणि तुम्ही उन्हाळ्यावर ढकलत होतात. बर्फ असताना का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, बर्फात शिकलीस की कुठेही चालवशील. दोनदा नापास होऊन गेल्या ऑगस्टमध्ये मला लायसन्स मिळालं. पण दिवसा गाडी काढून जाणार कुठे? फोन होताच.

मार्चमध्ये मृणालच्या शाळेतून विचारणा झाली. वर्गात मदतनीस हवी होती, सप्टेंबरपासून कायम, पण आत्ता लगेच आलात तर बरं. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, छान आहे, वॉल्टशी बोलतो. महिना गेला. त्या सकाळी मी विचारलं, बोललात का?

"त्याला दिवसाला कोणी मिळत नाहीये. पेरणी होऊन जाऊ दे."

"पेरणी झाली की कापणी येईल. मग बर्फ पडेल. मला शाळेला आज उत्तर द्यायचंय."

"कोणीतरी उचलायला हवा ना गं."

"ते कोणीतरी दरवेळी मीच का?"

तुम्ही डबा घेतलात. "संध्याकाळी बोलू," म्हणालात. हवा चांगली होती म्हणून चालत निघालात. मी रोज दारापर्यंत यायची. त्या दिवशी सिंककडे तोंड करून उभी राहिले.

दुपारी दोनला फोन वाजला. रेल्वेच्या रुळांकडेचं, धान्याच्या उंच कोठाराच्या (इथे त्याला एलिव्हेटर म्हणतात) पलीकडचं गवत पेटलं होतं. घर नाही, गोठा नाही, गवत. मी बटण दाबलं. स्टेशनवर कोणीतरी उचलला.

"मॅक?"

"गो अहेड."

"ग्रास फायर. रेलरोड, वेस्ट ऑफ द एलिव्हेटर."

"गॉट इट."

आपलं शेवटचं बोलणं ते. सकाळचा राग माझ्या आवाजात होता का, हे मी किती वेळा आठवून पाहिलं. तुमच्या आवाजात नव्हता. तुम्ही धापा टाकत होतात, पण ते दरवेळीच असायचं.

वीस मिनिटांनी रेडिओवर वॉल्ट म्हणाला, "मॅक खाली बसलाय." मग, "मॅक इज डाउन." मग अँब्युलन्स मागितली.

आता मी जे लिहिणार आहे ते शोभावहिनींनाही सांगितलेलं नाही. गाडी दारात उभी होती. मी किल्ली घेतली. रूळ तिथून तीन मिनिटांवर. दारापर्यंत गेले आणि थांबले, कारण दिवसाची मी एकटीच होते. मी गेल्यावर फोन वाजला असता तर? एखादी लोइस दुसऱ्या टोकाला असती तर? मी किल्ली मुठीत धरून दाराच्या आणि फोनच्या मध्ये उभी राहिले. कोणी मला थांब म्हटलं नव्हतं. पाच वर्षांत माझे पाय तसे झाले होते. वॉल्टची बायको दुकान बंद करून धावत आली, म्हणाली, "जा, मी बसते." मी हॉस्पिटलला पोचले तेव्हा तुम्ही नव्हतात.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची शीर आधीच बंद होत आली होती, टेबलाशी बसले असते तरी झालं असतं. तीन मिनिटांनी काही फरक पडला नसता. ते खरं असेल. पण तीन मिनिटांत मी तिथे पोचले असते, तुम्ही मला पाहिलं असतंत, आणि मी मराठीत काहीतरी बोलले असते.

मृणालला मी शाळेतून आणलं तेव्हा सगळं सांगितलं. तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "आय हर्ड द सायरन, आई. आय टोल्ड एव्हरीवन, दॅट्स माय मॉम." वर्गात ती हे नेहमी सांगायची. दिवसा सायरन वाजला की तो माझ्या आईने वाजवला. तिला त्याचा अभिमान होता. मी तिला जवळ घेतलं आणि हो म्हटलं.

दहाव्या दिवशी वॉल्ट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. टोपी काढून म्हणाला, "मिसेस मॅक, मी हा काढून नेतो. विचारायलाही मला लाज वाटते." मी विचारलं, दिवसाला कोण? तो म्हणाला, दुकानात लावीन, काहीतरी करीन. मग खाली बघत म्हणाला, "मॅकने मला मार्चमध्येच सांगितलं होतं. मी म्हटलं, पेरणी होऊन जाऊ दे." म्हणजे तुम्ही बोलला होतात. पेरणीचं वाक्य वॉल्टचं होतं आणि तुम्ही ते माझ्यासमोर स्वतःचं म्हणून आणलंत. का हो? त्याचं नाव सांगितलं असतंत तर मी त्याच्यावर चिडले असते. तुम्हाला तेही चाललं नसतं बहुतेक.

शाळेत मी सोमवारपासून जातेय. परवा अकराला सायरन वाजला. मुलं रंगकाम करत होती. मी ब्रश धरून उभी राहिले. पाच वर्षांत पहिल्यांदा सायरन वाजला आणि कुठे, कोणाकडे, मला माहीत नव्हतं. ते बरं वाटलं का? नाही वाटलं.

आणि काल संध्याकाळी अर्ल आला. लोइसने दिलेला केक घेऊन, एकटाच. मोठा धिप्पाड माणूस, खुर्चीत अंग चोरून बसला. कॉफी घेतली नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी बिनमध्ये मी घाबरलो होतो. मी त्याला म्हटलं, बोलत राहा, काहीही बोल. त्याने पिकांचं विचारलं, ते संपलं. मग मी त्याला विचारलं, तू कधी असा अडकलायस का?"

मी माझा कप उचलला.

"तो म्हणाला, मी नाही, माझी बायको. म्हणाला, ती शिक्षिका होती, पन्नास मुली तिच्या आवाजाने गप्प बसायच्या. मी तिला इथे आणलं आणि एका फोनला बांधून ठेवलं. तो म्हणाला, आत्ता मला कळतंय ते कसं असतं, मी हा हात काढू शकत नाही ना, तसं. मग आम्ही एकमेकांना शब्द दिला. मी बाहेर पडलो तर माझ्या भावाला फोन करणार होतो, अकरा वर्षं बोललो नव्हतो. तो म्हणाला, मी घरी जाऊन तिला हे सांगणार." अर्लने माझ्याकडे पाहिलं. "मी भावाला दुसऱ्याच दिवशी फोन केला. मॅकने तुम्हाला सांगितलं ना?"

दोन वर्षं. पिठलं-भात खाताना सांगता आलं असतं. पार्किंगमध्ये दार उघडून उभे होतात तेव्हा सांगता आलं असतं. तिथे तुम्ही तेच सांगत होतात का? मला ते गाडी शिकवणं वाटलं. एका माणसाला तुम्ही ते चार फूट मक्यात उभं राहून सांगितलंत आणि मला नाही. मला इतका राग आला की कप खाली ठेवावा लागला.

"हो," मी अर्लला म्हणाले. "त्याच दिवशी सांगितलं."

"थँक गॉड," तो म्हणाला. त्याचे खांदे खाली आले. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्याची नजर भिंतीकडे गेली नाही.

तुमच्यासाठी मी खोटं बोलले. तुम्ही शब्द मोडलात हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. तो गेल्यापासून मी विचार करतेय, तुम्ही खरंच सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं. आधी रडले असते. मग आठवडाभर अबोला धरला असता. आणि मग, मला माझा स्वभाव माहीत आहे, मीच म्हणाले असते, राहू दे फोन आणखी एक वर्ष, कोणीतरी उचलायला हवा. तेव्हा तो मी स्वतःहून उचलला असता. तुम्ही माझं नाव दिलंत म्हणून नाही. एवढंच हवं होतं मला. तुम्ही नुसतं बोलायला हवं होतंत.